भागाकाराच्या चिन्हाविना भागाकार

आज भागाकाराचे चिन्ह न वापरता भागाकार करणारे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा भाग, लिहिले. भाज्यातून भाजक पुन्हा पुन्हा वजा करण्याची पहिली रीत बरोबर होती, परंतु दोनशे कोटींना १ ने भागताना दोनशे कोटी वजाबाक्या करणारा तो लूप मला पाहवेना. म्हणून वहीत ४३ भागिले ३ मांडले आणि ३ ची दुप्पट ६, मग १२, मग २४ असे लिहीत गेले. ४३ मधून २४ गेले, उरले १९. त्यातून १२ गेले, उरले ७. त्यातून ६ गेले, उरला १. म्हणजे ३ ची ८, ४ आणि २ पट गेली. भागाकार १४, बाकी १. प्राचीन इजिप्तमधले लेखनिकही अशाच दुपटीने भागाकार करीत, हे आठवून मनापासून आनंद झाला. संगणकात तर दुप्पट म्हणजे संख्येचे बिट, म्हणजे तिचे ० आणि १ हे अंक, एक घर डावीकडे सरकवणे.

संध्याकाळ मात्र उणे २१४७४८३६४८ भागिले उणे १ या एकाच उदाहरणात गेली, कारण उत्तर २१४७४८३६४८ येते आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही संख्या साठवणाऱ्या, पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढे जागाच नाही. संख्या आधी धन करायला गेले, तर तिथेच ती मर्यादेबाहेर जात होती. शेवटी दोन्ही संख्या ऋण ठेवूनच वजाबाकी केली आणि या उदाहरणासाठी स्वतंत्र अट लिहिली.