किझरची खबरबात: नळ, नळ्या आणि कोकम

मंडळी, पोर्टलंडच्या गॅरेजमधला किझर, म्हणजे घरची बीअर थंड ठेवून नळाने ओतायचा फ्रीझर, अजून तोच आहे. चेस्ट फ्रीझर, त्यावर लाकडी चौकट, तीन टॅप, आत बॉल-लॉक केग (झटकन जोडता येणारी बीअरची टाकी). पहिल्या टॅपवर पेल एल, दुसऱ्यावर कोकम घातलेली केटल सावर ही आंबट बीअर, तिसऱ्यावर ब्रेट या रानटी यीस्टची सेझन बीअर. यावेळी बीअरपेक्षा टॅपवरच जास्त वेळ गेला, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

जुने साधे फॉसेट (टॅपच्या तोट्या) काढून तिन्ही ठिकाणी फॉरवर्ड-सीलिंग, म्हणजे पुढे सील असलेले, बसवले. साध्या फॉसेटचं सील मागे असतं. ग्लास भरून झाला की पुढच्या पोकळीत थोडी बीअर राहते, तिथे हवा शिरते, आणि दांडा सकाळपर्यंत चिकटून बसतो. वर फॉसेट असतो फ्रीझरच्या बाहेर, गॅरेजच्या उबेत. अ‍ॅसिटोबॅक्टर या जिवाणूला हवाच हवी असते, ती इथे आयती मिळते, मग पहिल्या घोटाला व्हिनेगर. आत नळीत लॅक्टो आणि पेडिओ हे आणखी दोन जिवाणू. पेडिओने लोण्याचा वास आला की आपण उगाच यीस्टला आणि फर्मेंटेशनला बोल लावत बसतो. यातलं सहसा काही माणसाला आजारी पाडत नाही, पण बीअरची वाट लावतं.

नवे फॉसेट घेतले म्हणजे सुटलो असं नाही. उघडून घासावे तेही लागतात.

ब्रूअर्स असोसिएशनच्या मॅन्युअलमध्ये दर 14 दिवसांनी कॉस्टिकने (तीव्र अल्कली क्लीनरने) लाईन, म्हणजे बीअरची नळी, धुवायला आणि फॉसेट पूर्ण सुटा करून घासायला सांगितलंय. ‘ते बारवाल्यांसाठी’ म्हणून सोडून देणारे बरेच भेटतात. मला उलट वाटतं. बारमध्ये संध्याकाळभर बीअर वाहती असते, आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार तीच बीअर नळीत तुंबून राहते.

दुसरा लाडका समज म्हणजे ‘स्टार सॅन (सॅनिटायझर) फिरवलं की झालं’. खरकट्या ताटावर डेटॉल ओतण्यातलाच हा प्रकार. सॅनिटायझर स्वच्छ पृष्ठभागावर काम करतो, राप चढलेल्या नळीत तो रापाच्या वरवरच फिरतो. आधी कॉस्टिक, मग पाणी, मग सॅनिटायझर. हा क्रम मी मोडत नाही.

लाईन धुवायला पंप अजून घेतलेला नाही. एक लिटरची सोड्याची बाटली, तिला बॉल-लॉक कार्बोनेशन कॅप (केगचा जोड बसणारं झाकण), मागून थोडा गॅस. 3/16 इंची दहा फूट नळीत जेमतेम 55 मिली मावतं, त्यामुळे एका बाटलीत नळी अठरा वेळा भरून निघते. द्रावण 2 टक्के, पाणी कोमट, म्हणजे 27 ते 43 अंशांच्या आत. पंपाने फिरवलं तर 15 मिनिटं पुरतात, नुसतं भरून ठेवलं तर 20. मी भरून ठेवतो आणि मध्ये एकदा ताजं ढकलतो. नंतर साधं पाणी, पीएच पट्टीचा रंग नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत. हातमोजे आणि चष्मा हवेतच. कॉस्टिक आणि अ‍ॅसिड कधीच एकत्र करायचं नाही, आणि ब्लीच तर या कपाटात ठेवूही नका.

फॉसेट काढताना नवख्यांची हमखास फसगत होते. पान्याची खुंटी कॉलरच्या भोकात घालायची आणि घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. आटे उलटे नाहीत, नट आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो म्हणून तसं. आत तपकिरी, बुळबुळीत पातळ साय दिसते, विशेषतः दांड्याच्या गोळ्याखाली. तिथे बारीक ब्रशशिवाय पर्याय नाही. ओ-रिंगांना फूड-ग्रेड लूब लावून परत जोडणी.

आमच्या शहराला येणारं बुल रनचं पाणी मऊ, तरी बीअरस्टोन (कॅल्शियम ऑक्झलेटचा कडक थर) धरतोच. ऑक्झलेट माल्टमधून येतं, आणि कॅल्शियम आपणच जिप्सम म्हणून टाकतो. कॉस्टिक त्याला हलवत नाही, त्याला अ‍ॅसिड क्लीनरच लागतो. तीन महिन्यांतून एकदा पुरतो.

कोकमाच्या व्हिनाइल नळीवर मात्र पाणी सोडलं. दोनदा धुऊनही गुलाबी ती गुलाबीच, आणि वासही जाईना. रूट बीअर किंवा फळांच्या बीअरनंतर नळी बदला म्हणतात, त्यात आमच्या रातांब्यांचीही भर घाला. तिथे आता 4 मिमीची ईव्हीएबॅरियर नावाची नळी टाकलीय. ब्रेटच्या टॅपची नळी, ब्रश आणि ओ-रिंगा सगळं वेगळं, लाल टेप लावून.

पुढच्या वेळी पेल एलच्या जागी पिल्सनर येईल. तिच्यात काही लपत नाही, म्हणून त्याआधी तळ्यांसाठी मिळतो तसला छोटा पंप घेऊन लाईन फिरवून धुण्याची सोय करतोय. कॉस्टिकमध्ये टिकणारा पंप कोणी वापरत असाल, तर त्याच्या सीलचं मटेरियल कळवा.