नावातले अणू, कागदावरचे ठिपके

सोडियम क्लोराइडचं नाव मला कधी जड गेलं नाही. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एक घेतो, विषय संपला. अकरावीत गाठ पडली ती अधातूंशी. एकटे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच किती प्रकारे जुळतात बघा! म्हणून तर नावात अणूंची संख्या सांगणाऱ्या डाय (दोन), ट्राय (तीन), टेट्रा (चार) यांचा खटाटोप.

नावांचे नियम तसे मोजके, थोड्या सरावाने अंगवळणी पडले. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, कमी असलेलं मूलद्रव्य आधी, दुसऱ्याच्या शेवटी 'आइड', पहिल्याचा अणू एकच असेल तर 'मोनो' (एक) गाळायचा. फॉस्फरसने तेवढं छळलं. रेणूत फॉस्फरसचे 4 आणि ऑक्सिजनचे 10 अणू, म्हणजे नियमाने टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीवर आपलं पेंटॉक्साइडच, म्हणजे ऑक्सिजन पाच.

खरी गोम बंधांत होती. नावातला 'डाय' अणू मोजतो, बंध नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन दोन, पण प्रत्येकाशी दुहेरी बंध. तेव्हापासून नाव बाजूला ठेवून मी आधी इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडू लागलो. रसायनशास्त्रज्ञ लुईसने 1916 साली मांडलेली, बाह्य कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ठिपक्याने दाखवायची ही पद्धत मला नावांपेक्षा कितीतरी जास्त आवडली.

कार्बन मोनॉक्साइड घ्या. कार्बनच्या बाह्य कवचातले 4, ऑक्सिजनचे 6, एकूण 10. मध्ये दोघांची सामाईक एक जोडी, म्हणजे एक बंध, ठेवली, उरले 8. त्यातले 6 ऑक्सिजनला दिले की त्याचं अष्टक (भोवती 8 इलेक्ट्रॉन) पूर्ण. उरलेले 2 कार्बनला, तरी त्याच्याभोवती फक्त 4. मग ऑक्सिजनच्या दोन जोड्या मध्ये सरकवायच्या. झाला तिहेरी बंध, दोघांची अष्टकं पूर्ण. नायट्रोजनच्या रेणूतही 10 इलेक्ट्रॉन, चित्र हुबेहूब तेच. हे कळलं त्या दिवशी वहीचं अख्खं पान मी ठिपक्यांनी भरून टाकलं.

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन 6 वर भागवतो, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती 12 होतात. हे अपवाद सरळ पाठ केले. नायट्रोजन डायऑक्साइडचं तसं नव्हतं. एकूण 17, विषम. कसेही मांडा, एक इलेक्ट्रॉन एकटा राहतोच. हा तपकिरी वायू थंड केला की रंग फिका का पडतो, ते इथे उलगडलं: दोन रेणू आपापला एकटा इलेक्ट्रॉन जोडीत घालतात, नायट्रोजन-नायट्रोजन बंध तयार होतो, आणि रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड मिळतो.