नदी बघायला किती पडले?

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या चौपाटीवर रविवारी सकाळी साडेआठलाच गाडी लावायला जागा नव्हती. भाची स्कूटरवरून उतरली ती वही उघडूनच. अर्थशास्त्रात एमए करतेय, प्रकल्पाला विषय घेतलाय ‘नदीकाठच्या देखाव्याचं मोल’, आणि भर पावसाळ्यातला अख्खा रविवार तिच्यामागे हिंडायला मामा सोडून कोणी तयार झालं नव्हतं.

“पेट्रोल?”

“सत्तरचं धर.”

“कणसं दोन, ऐंशी. भजी साठ.” भजी अजून खाल्ली नव्हती, पण खाणार हे दोघांनाही माहीत होतं. “आणि मामा, तुझा वेळ?”

“मी रिटायर्ड. माझा वेळ फुकट.”

“फुकट नसतो धरायचा.” वेळ म्हणे मजुरीच्या एक तृतीयांश दराने धरायची पद्धत आहे. पेन्शनचे तासाला किती पडतात आणि त्याचा तिसरा हिस्सा किती, हे तिने माझ्यादेखत काढलं. आकडा सांगत नाही.

ही प्रवासखर्चाची युक्ती हॅरोल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून सुचवली होती. देखाव्याला तिकीट नसतं, पण तिथवर यायला लोक पैसे आणि वेळ घालवतात. कुठून, किती जण, कितीदा येतात हे मांडलं की त्या जागेला किती मागणी आहे ते कळतं. खडकवासल्यावर तर हे हिशेबाशिवायही कळत होतं. पलीकडे एनडीएच्या बाजूचे डोंगर ढगात अर्धे बुडालेले, पाण्यावर पावसाच्या सरी सरकत येताना स्पष्ट दिसत होत्या, आणि कणीसवाल्या बाई निखाऱ्यावर पुठ्ठ्याने वारा घालत सुट्टे नसल्याबद्दल एकेकाला झापत होत्या. हडपसर-चिंचवडहून माणसं आली होती. धरणाखेरीज कोणाला काही नको होतं.

गंमत पुढे आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही साखळी शहराची तहान भागवते. उरलेलं पाणी कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर मुठेच्या पात्रात धरणातून फारसं काही येत नाही. ते पाणी आपल्या नळातून घरात येतं, मोरीतून नाल्यात जातं आणि मग नदीला मिळतं. म्हणजे धरणावर ज्याच्यासाठी आपण पेट्रोल जाळतो, तेच पाणी म्हात्रे पुलावर भेटलं की गाडीच्या काचा वर करतो.

विठ्ठलवाडीला घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिने दुसरा तक्ता काढला. हा लुना लिओपोल्ड यांचा, १९६९ सालचा. अमेरिकेत स्नेक नदीवर हेल्स कॅन्यन नावाची अजस्र दरी आहे. तिथे धरण बांधायचं घाटत होतं. विजेचा हिशेब मांडायला सगळे होते, दरीचा हिशेब कोणाकडेच नव्हता. लिओपोल्ड हे नद्यांचे शास्त्रज्ञ. त्यांनी १२ ठिकाणं घेतली आणि प्रत्येकाला ४६ बाबींवर तपासलं: पात्राची रुंदी, पाण्याचा रंग, शेवाळ, झाडं, कचरा, दूरवरचा देखावा, इतिहासासारखं मानवी स्वारस्य. एखादी गोष्ट बारांतल्या एकाच ठिकाणी असेल तर एक गुण, बाराही ठिकाणी असेल तर एक भागिले बारा. ‘सुंदर’ हा शब्द कुठेच नाही, फक्त वेगळेपण. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ती दरी राखली, नवं धरण झालं नाही. त्याचं श्रेय एकट्या तक्त्याला द्यायला नको, पण दरीच्या बाजूनेही कागद उभा राहिला हे खरं.

आम्ही शंभर पावलांतला कचरा मोजायला घेतला. चपला तीन, तिन्ही डाव्या. निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या सतरा. पिंपळाच्या बुंध्याशी काच तडकलेली सत्यनारायणाची तसबीर, फ्रेमला अजून खिळ्याची दोरी तशीच. टाकणाऱ्याने ती पालथी घातली नव्हती, देवाचं तोंड नदीकडे करून नीट टेकवून ठेवली होती. हाताच्या अंतरावर निर्माल्य कलश, जवळजवळ रिकामा.

“हे कशात लिहू? कचरा की मानवी स्वारस्य?”

मला सांगता आलं नाही. तिने दोन्हीकडे लिहिलं. या तक्त्यात एक खोट आहे: घाणसुद्धा वेगळी असली की गुण मिळवून जाते. तिरक्या पुणेरी माणसाला ही पद्धत मनापासून पटावी.

भिडे पुलाशी नदीपात्रातल्या रस्त्यावर टेप धरून उभे होतो, तर एक रिक्षावाले काका थांबले. “काय मोजताय?”

“नदीची किंमत, काका.”

“बिल्डर कोण?”

प्रश्न अगदीच गैर नव्हता. महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे, आणि काठ सुधारला की काठावरच्या जमिनीचे भाव काय करतात हे रिक्षा चालवणाऱ्याला कळायला एमए लागत नाही. डेक्कनहून मेट्रोने बंडगार्डनला गेलो, तिथे तयार झालेला तुकडा पाहिला. दगडी उतार, पायऱ्या, फिरायला वाट. लोक खरोखर येऊन बसले होते, लहान मुलं धावत होती. ते पाहून बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण बसलेल्यांपैकी बरेच जण नदीकडे पाठ करून होते.

इथेच काठावर माझ्या एका मित्राचा फ्लॅट आहे. मागच्या बाजूच्या फ्लॅटपेक्षा जास्त पैसे मोजून त्याने नदीकडची बाल्कनी घेतली. घरांच्या भावातला हा फरक म्हणजे देखाव्याची किंमत, असं धरणारी तिसरी एक पद्धत आहे. त्याने चहा दिला आणि बाल्कनी दाखवली: डासांची जाळी, त्यावर सरकती काच, त्याच्या आत पडदा. भाचीने विचारलं, “काका, जाळीचे किती झाले?” आणि ते वजा केले.

आपलं मुठेचं मोल मात्र तिच्या रकान्यांत बसत नाही असं मला दिवसभर वाटत होतं. या शहराने १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलेलं पाहिलंय. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी घरांत शिरलेलं पाहिलंय. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, असं नकाशावर नदीची हद्द आखलेली असते. तेवढी जागा मोकळी ठेवण्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही, म्हणून तिची किंमत शून्य लागते.

गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली. अर्ध्या तासात आम्ही दोघं झेड ब्रिजवर होतो. कठड्याला रेलायला जागा नाही, मुलं खांद्यांवर, म्हाताऱ्या छत्र्यांखाली, सगळ्यांचे डोळे खाली. नारिंगी-तपकिरी पाणी कुठल्यातरी झाडाचा अख्खा बुंधा फिरवत नेत होतं आणि नदीकडे पाठ करून एकही जण उभा नव्हता. काचा वर करून जाणाऱ्यांतले निम्मे तरी आज चालत आले असतील.

पुलाच्या तोंडाशी एक कणीसवाला पोचला होता. भाचीने छत्री माझ्या हातात दिली, वही काढली. शाई फुटायला लागली तशी पेन्सिलीने लिहिलं: भिडे पूल, गुरुवार, कणसं दोन, ऐंशी.