दिवाळीत फराळाचा डबा बंद ठेवा, फराळ बंद नको

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने किती लाडू खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंड गोड केलं, हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल बनवतात. काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक आवरणातली खनिजं सुटायला लागतात. लाळ हे नुकसान भरून काढते, पण तिला अर्धा ते एक तास लागतो. आता सोसायटीच्या आवारात किल्ला बांधणारं मूल बघा. दर वीस मिनिटांनी घरात येतं, मूठभर शंकरपाळे घेतं आणि पुन्हा मातीत. त्याच्या लाळेला दुपारभर उसंतच मिळत नाही.

म्हणून गोडाच्या वेळा ठरवा: सकाळी अभ्यंगस्नानानंतरचा फराळ, आणि एकदा जेवणासोबत. जेवताना लाळ जास्त सुटते, त्यामुळे गोड तेव्हाच खाल्लेलं बरं. त्या वेळी दोन करंज्या जास्त गेल्या तरी चालतील. मधल्या भुकेला भाजलेले शेंगदाणे, चीजचा तुकडा, काकडी आणि पाणी द्या. पाहुण्यांकडे गेल्यावर प्रत्येक घरी काहीतरी हातावर ठेवतातच; ते डब्यात घालून घरी आणायला कुणाची हरकत नसते.

सगळे पदार्थ सारखे नाहीत. उकडीचा मोदक पटकन गिळला जातो. चिक्की, सोनपापडी आणि मनुका दाढांच्या खाचांत बसून राहतात. चकली, चिवडा आणि वेफर्स खारे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यांतला स्टार्चही लगद्यासारखा दाढांत भरतो आणि तिथेच त्याची साखर होते. गूळही दातांना साखरच. सगळ्यात वाईट लॉलीपॉप, कारण ते पंधरा-वीस मिनिटं तोंडात राहतं. लक्ष्मीपूजनाचे बत्तासे निदान लवकर विरघळतात.

खाल्ल्यावर लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा. कोला किंवा लिंबू सरबत प्यायल्यावर मात्र ब्रशसाठी अर्धा तास थांबा. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासलं तर झिजतं.

दिवाळीत खरा घात होतो तो रात्री. फटाके उडवून दमलेलं मूल बिनाब्रशचं झोपतं, आणि झोपेत लाळ जवळजवळ आटते. सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी घाईत उरकला तर ठीक, रात्रीचा चुकवू नका. फटाक्यांना खाली जाण्याआधीच ब्रश करून टाका, त्यानंतर फक्त पाणी. झोपतानाचं गोड दूधही या नियमातून सुटत नाही. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने कोकणात जाणार असाल तर स्टेशनला निघण्याआधी घरीच ब्रश उरका. गाडीच्या बेसिनपाशी पेंगुळलेल्या मुलाशी झटापट कोण करणार!

टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचं प्रमाण बघा, १००० पीपीएमच्या आसपास हवं. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट मुलांसाठी नाही. दोन मिनिटं घासायचं, मग फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. फ्लोराइड दातांवर राहू द्यायचं. सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचं काम मोठ्यांनीच करावं. लहान मुलाचं डोकं मांडीवर घ्या, ओठ वर उचला आणि खालच्या दाढांच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करा, कारण तीच बाजू नेहमी राहते. जिथे दोन दात चिकटलेले आहेत तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक दोरा, फिरवा.

ओठ उचललाच आहे तर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो का बघा. ही किडीची पहिली खूण. या टप्प्यावर फ्लोराइडने ती थोपवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर फिलिंग आलंच. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून अनेक पालकांना ती आल्याचं कळतही नाही. तिच्या खाचा खोल असतात. त्या दंतवैद्याकडून सीलंटने, म्हणजे खाचा बंद करणाऱ्या लेपाने, बुजवून घेता येतात. आणि 'दुधाचे दात पडणारच आहेत' हा युक्तिवाद सोडून द्या. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात.

तपासणी वसुबारसेच्या आधी उरका, कारण ठाण्यातले बरेच दवाखाने लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बंद असतात. नेमकं तेव्हाच किडक्या दाढेत लाडू अडकून रात्री ठणका लागतो. अडकलेलं फ्लॉसने काढा, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा आणि डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, दुखऱ्या हिरडीवर लवंगेचं तेलही लावायचं नाही. गाल सुजून ताप आला तर दवाखाना उघडायची वाट न बघता रुग्णालय गाठा.

किल्ल्याच्या पायऱ्यांवरून पडून पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा आणि जमल्यास तिथल्या तिथे परत बसवा. नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते.