प्रत्येक स्ट्राइक आपला नसतो

बेसबॉलमध्ये स्ट्राइक झोनमधला, म्हणजे प्लेटच्या वर साधारण गुडघा ते छाती या पट्ट्यातला, चेंडू मारायलाच हवा, या समजुतीने बॅटरचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची जमिनीवरची पाटी, 17 इंच रुंद. तिच्या बाहेरच्या कडेवरून गुडघ्याच्या उंचीने गेलेला चेंडू स्ट्राइकच; पण उजव्या हाताच्या बॅटरने तो ओढून मारला की मनगटं लवकर वळतात, बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते आणि चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात जातो. आउट तिसऱ्या स्ट्राइकला होतो, म्हणून दोन स्ट्राइक होईपर्यंत असा चेंडू खुशाल सोडावा.

ताशी 90 मैल वेगाचा चेंडू 0.4 सेकंदात प्लेटवर येतो. त्यातले 0.15 सेकंद तर स्विंगलाच लागतात. उरलेल्या पाव सेकंदात नव्याने विचार करणं जमत नाही, म्हणून निवड आधीच झालेली हवी: कोणता चेंडू, कुठे. काउंट 2-0 किंवा 3-1 (आधी झोनबाहेरचे ‘बॉल’, मग स्ट्राइक) असेल तर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, स्ट्राइक हवाच असतो आणि बहुतेक वेळा तो फास्टबॉलवर, म्हणजे वेगवान सरळ चेंडूवर, येतो. तेव्हा प्लेटच्या आतल्या अर्ध्या भागात, मांडी ते कंबर या उंचीतला फास्टबॉल एवढंच डोक्यात ठेवा. कर्व्ह (वळून खाली पडणारा चेंडू) अगदी मधोमध पडला तरी जाऊ द्या. अर्ध्या मनाने मारलेल्या फटक्यापेक्षा एक स्ट्राइक परवडला.

पाऊल मात्र प्रत्येक चेंडूवर मारायच्याच तयारीने टाका. सुटलेला स्विंग सुरुवातीला आवरता येतो. ‘सोडू या’ म्हणून उभ्या राहिलेल्या बॅटरला ऐनवेळी मारायला वेळच उरत नाही.

फसवतात ते खाली पडणारे चेंडू. हातातून सुटल्यावर गुडघ्याकडे निघालेला कर्व्ह मातीत जातो; छातीकडे निघालेला झोनमध्ये उतरतो. बाहेरच्या कडेकडे निघालेला स्लायडर (वेगात बाजूला वळणारा चेंडू) उजव्या पिचरकडून उजव्या बॅटरला आला तर प्लेटबाहेरच संपतो.

दोन स्ट्राइक झाले की नियम बदलतो. मूठ इंचभर वर घ्या, पाऊल छोटं टाका, झोन चारी बाजूंनी एका चेंडूएवढा मोठा धरा. कडेवरचा चेंडू फाउल केला, म्हणजे रेषेबाहेर मारला, तरी चालतं; तो तिसरा स्ट्राइक धरत नाहीत. बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवणं) तेवढा करू नका, तो फाउल गेला तर आउट.

बॉस्टन रेड सॉक्सचा बॅटर टेड विल्यम्स याची 1941 ची .406 सरासरी (हजार प्रयत्नांत 406 हिट या दराने) बेसबॉलवेड्या सगळ्यांना पाठ असते. त्याच मोसमात त्याने 147 वॉक (चार बॉल झाल्यावर मिळणारा पहिला बेस) घेतले आणि स्ट्राइकआउट झाला फक्त 27 वेळा. मला त्या .406 पेक्षा हे आकडे मोठे वाटतात.

सरावासाठी आपला पिचर बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) टाकत असताना हेल्मेट घालून बॅटरच्या जागी उभे राहा आणि स्विंग न करता, चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाण्याआधी ‘माझा’ किंवा ‘नाही’ असं मोठ्याने म्हणा. उशीर झाला तर तो चेंडू चुकला असंच धरा.