काळ, केळ, कोळ

माझ्याकडे शब्दखेळांच्या अकरा वह्या आहेत. पहिलीत आजीने सांगितलेली कोडी, 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' वगैरे. मग चची भाषा, गावांच्या भेंड्या, 'रामाला भाला मारा'सारखी उलटसुलट वाक्यं. ओठाला ओठ न लावता म्हणता येणारं मोरोपंतांचं निरोष्ठ रामायणही मी खेळांच्याच वहीत उतरवलंय, कारण इतका अवघड डाव कुणी मांडलेला मला माहीत नाही.

वाईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. मराठी अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ करायचा, हे तीन वर्षं डोक्यात होतं. स्क्रॅबल या सोंगट्यांनी शब्द जुळवायच्या इंग्रजी खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठली सोंगटी किती लागेल ते ठरवलं होतं. मीही पेपर घेऊन बसले आणि तिथेच अडले. इंग्रजीचं काम १०० सोंगट्यांत भागतं. आपल्या चौतीस व्यंजनांच्या बाराखड्यांची अक्षरंच ४०८ होतात, जोडाक्षरं वेगळीच. काना-मात्रा-वेलांटीच्या स्वतंत्र सोंगट्या करून पाहिल्या. 'पाणी'ला चार घरं लागली. मुलांना ते पाणी वाटेचना.

तरी त्या शनिवारी लग्नपत्रिकांचे कापलेले चौकोन वर्गात नेले. पाच-पाचांचे गट केले. दहा मिनिटांत कंटाळा दिसायला लागला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र खाली मान घालून वहीचं प्लास्टिकचं कव्हर कापत होती. मी रागावणार होते. तेवढ्यात तिने त्या तुकड्यावर माझ्या मार्करने काना ओढला आणि तुकडा 'क'वर ठेवला.

"बाई, आता का एकाच घरात बसला."

मी तिथेच, तिच्या बाकावर बसले. तीन वर्षं मी सोंगट्या शेजारी शेजारी मांडत होते. एकावर एक ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

मग तास माझ्या हातात राहिला नाही. सगळ्यांनी कव्हरं काढली. 'क' आणि 'ळ' एवढ्या दोनच सोंगट्या मध्ये ठेवल्या आणि पारदर्शक तुकडे फिरायला लागले. कळ, काळ, कळी, काळा, काळी, केळ, केळी, कोळी. एकाने नुसतंच 'कोळ' लावलं. बाकीचे ओरडले, कोळी असतो, कोळ नसतो. तो ठाम होता. "आई आमटीत चिंचेचा कोळ घालते." शब्दकोश उघडायची गरजच पडली नाही.

लुईस कॅरल यांचा एकेक अक्षर बदलत शब्दापासून शब्दापर्यंत जायचा खेळ माझ्या सातव्या वहीत आहे. इथे तर अक्षर तेच राहत होतं, नुसती खूण बदलत होती. मन, मान, मीन, मौन. मी फळ्यावर लिहीत होते आणि माझा हात थरथरत होता, हे खरंच सांगते.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते 'फूल'. एका गटाने 'ल'वर मात्रा ठेवली आणि 'फूले' झालं. एक मुलगी म्हणाली, "दिसायला चुकीचं दिसतंय." तिने दुसरा उकार काढून पहिला ठेवला. उपान्त्य ऱ्हस्व-दीर्घाचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलं तो पाठ करतात आणि शुद्धलेखनात 'फूले'च लिहितात. त्या दिवशी तो नियम तिच्या बोटांनी केला.

घंटा झाली तरी एक मुलगा उठला नाही. त्याच्या वहीत रफार कायम चुकीच्या अक्षरावर असतो. त्याने 'कण' लावला होता आणि रफाराचा तुकडा आधी 'क'वर धरून पाहत होता, मग 'ण'वर. ओठ हलत होते. "क-र्-ण... र आधी येतो, मग ण. मग ण्याच्या डोक्यावर." त्याने तुकडा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि लगेच 'पण'चं 'पर्ण' केलं.

बाराव्या वहीचं पहिलं पान तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने लिहिलंय, खेळाचे नियम तिच्याच शब्दांत. व्यंजन मधोमध आणि जरा लहान काढायला हवं, नाहीतर पहिल्या वेलांटीला जागा उरत नाही, हेही तिनेच सांगितलं. अर्धा 'स' आणि अर्धा 'न' कसा बसवायचा, ते अजून ठरायचंय. सोमवारी पुन्हा कव्हरं घेऊन बसणार आहोत.