शेरेबुकातली ती ओळ

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी सीआरपी, म्हणजे क्लस्टर रिसोर्स पर्सन आहे. मूळचा शिक्षकच, पण आता क्लस्टरमधल्या शाळांना भेटी द्यायच्या, वर्ग बघायचे, शेरेबुकात लिहायचं आणि रिपोर्ट बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पाठवायचा हे काम. गावातली म्हातारी माणसं अजून "दिपोटी आला" म्हणतात, दिपोटी म्हणजे पूर्वीचे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब. त्या शब्दात धाक आहे, आणि मागच्या वर्षी तो धाक मी स्वतः एका शाळेत नेऊन ठेवला.

जांबोटीच्या पुढं जंगलातली मराठी शाळा, पहिली ते पाचवी, पोरं 23, बाई दोन, त्यातल्या एक त्या दिवशी ट्रेनिंगला. मी पोचलो तेव्हा वर्गात गोंगाट आणि बाई शेजारच्या खोलीत मोबाईल घेऊन. महिन्याच्या भेटींचा आकडा भरायचा होता, पुढं अजून एक शाळा होती, मी काही न विचारता "शिक्षिका वर्गावर नव्हत्या" एवढं लिहिलं, तेही कन्नडात, ऑफिसला वाचायला बरं म्हणून, आणि निघालो. पंधरा दिवसांनी बाईंना नोटीस आली. नंतर कळलं की त्या दिवशी एसएटीएसवरची (पोरांच्या नोंदींची सरकारी ऑनलाईन यंत्रणा) माहिती अकराच्या आत भरा असा मेसेज ग्रुपवर होता आणि त्या गावात रेंज फक्त त्या खोलीतच येते. तो मेसेज ग्रुपवर मीच टाकला होता.

यंदा जुलैत परत गेलो. पाऊस असा की चोर्ला रोडवर पुढचं दिसत नव्हतं. बाईंनी मी बसायच्या आत शेरेबुक उघडून पेन ठेवलं. पोरं हाताची घडी घालून गप्प. नली-कलीचा, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीचा वर्ग कधी गप्प नसतो, पहिली ते तिसरी एकत्र, पाच गट, प्रत्येकाचं वेगळं कार्ड, पोरं उठतात, शिडीच्या तक्त्यावर आपली पायरी बघतात, एकमेकाला विचारतात. 1995 ला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटेत ही पद्धत सुरू झाली ती पोरांना मोकळं करायलाच की. म्हणजे ही शांतता माझ्यासाठी होती.

मी मागच्या वर्षीचं पान काढलं, सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं. बाई म्हणाल्या, "झालं ते झालं सर, सही करा." त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हटलं, जेवणापर्यंत वर्ग मी घेतो, तुम्ही बघा. पहिल्या गटाजवळ बसलो तर तिसरीची दोघं कार्डावरून भांडायला लागली, तिकडं गेलो तर पहिलीचा एकजण पावसात पळाला. चौथी-पाचवी पलीकडच्या खोलीत आहेत हे तर मी विसरूनच गेलो. दुसऱ्या बाई नसतील त्या दिवशी एकट्या बाईला हे सगळं करायचं आणि वर ऑनलाईन माहितीपण भरायची. अर्ध्या तासानं बाई काही न बोलता उठल्या आणि तिसरीच्या गटात जाऊन बसल्या. बिसीऊटची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची ताटं येईपर्यंत दोघांनी मिळून वर्ग चालवला.

मग मी जुन्या ओळीखाली लिहिलं, की बाई त्या वेळी ऑफिसनं मागितलेलं काम करत बसल्या होत्या, मी न विचारता शेरा मारला, तो चुकीचा आहे. कन्नडात, खाली मराठीत. सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हेच ऑफिसला लेखी देतो म्हटलं.

बाई म्हणाल्या, "बसले नव्हते सर. खिडकीत उभी होते, पोरं दिसावीत म्हणून."

मी ते खोडून "उभ्या होत्या" केलं.

त्यानंतर त्यांनी मागच्या रांगेतल्या तिसरीच्या एका मुलीला हाक मारली. "हिला जोडाक्षरं अजून येत नाहीत. घरात कोकणी बोलतात. तपासणी असली की मी हिला मागं बसवते, कुणी विचारू नये म्हणून. काय करायचं सांगा की सर."

इतक्या वर्षांत कुठल्या शिक्षकानं मला आपण होऊन कच्चं पोर दाखवलं नव्हतं. माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, ते मी सांगितलं. मग आम्ही तिच्या घरातले शब्द विचारून कोऱ्या कार्डांवर लिहायला लागलो. साडेतीनची बस गेली.